जोडभिंगाची लाज कशाला?

जुन्या फिल्म-कॅमेऱ्यांची आवड अलीकडे विद्यार्थ्यांत पुन्हा दिसू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र या मंडळींत एक मत वारंवार ऐकू येते, की भिंगापुढे बसवायचा वाइड अँगल कन्व्हर्टर म्हणजे निव्वळ तडजोड. खऱ्या छायाचित्रकाराने त्याला हातही लावू नये. हे मत मला मान्य नाही.

ज्याच्या कॅमेऱ्याचे भिंग बदलता येते, त्याने २८ मिलिमीटरचे भिंग खुशाल घ्यावे. परंतु घरच्या कपाटात सापडणाऱ्या कित्येक कॅमेऱ्यांचे भिंग कायमचे जडवलेले असते. १९६६ साली बाजारात आलेला याशिका इलेक्ट्रो ३५ हा त्यांपैकीच. त्याचे भिंग ४५ मिलिमीटरचे. त्यापुढे याशिकाचेच जोडभिंग फिरवून बसवले, की ते सुमारे ३८ मिलिमीटरचे काम करते. म्हणजे दहा फुटांवरून आठ फूट रुंदीचे दृश्य मावत होते, ते आता साडेनऊ फूट मावते. केवळ दीड फुटासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारील.

माझे आजोळ कणकुंबीचे. खानापूर तालुक्यातले, मलप्रभेच्या उगमाचे हे गाव. तिथल्या पावसाने घराच्या मातीच्या भिंती खचल्या होत्या आणि होळीनंतर घर उतरवायचे ठरले होते. माजघराचा एक तरी फोटो असावा म्हणून आजोबांचा कॅमेरा घेऊन गेलो. पाठ भिंतीला टेकली, तरी चूल घेतली तर देवघराचे दार सुटे, आणि दार घेतले तर चूल. मागे सरकायला जागाच नव्हती. जोडभिंग लावले तेव्हा एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला दार आणि मध्ये आजी, अशी तिन्ही मावली. दीड फुटाची किंमत मला त्या दिवशी कळली.

जोडभिंगाचे दोष मी नाकारत नाही. कडा पुसट येतात, दाराची सरळ चौकट किंचित बाहेर फुगते, काचेच्या कौलातून येणारी तिरीप भिंगावर पडली की चित्र फिकटते. यावर उपाय साधे आहेत. छिद्र एफ ८ किंवा एफ ११ पर्यंत लहान करावे, कॅमेरा तिवईवर ठेवावा, माणसाला कडेला बसवू नये. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही, म्हणून दृश्याच्या सीमेसाठी वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा. अंधाऱ्या माजघरात छिद्र लहान केल्यावर झडप काही सेकंद उघडी राहिली. “किती येळ गप बसू रे?” असे आजीने विचारले, ते मात्र झडप मिटल्यावर!

मोबाइलने हे क्षणात झाले असते, हे खरे. पण छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरवावे लागते. ती सवय मोलाची आहे. म्हणूनच, जिथे चार पावले मागे जाता येते तिथे जोडभिंग लावणे हा आळस आहे, असे मीही म्हणेन. उघड्या माळावर ते पिशवीतच राहू द्यावे.

परंतु आपल्या भागातली जुनी घरे एकेक करून उतरत आहेत, आणि त्यांच्या खोल्या आपल्या सोयीसाठी रुंद होणार नाहीत. महागडे भिंग मिळेपर्यंत त्या थांबणारही नाहीत. तेव्हा मित्रहो, कडा थोड्या पुसट आल्या तरी चालतील. फोटो मात्र या उन्हाळ्यातच काढा.