पाचवे तिकीट

मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. मल्टिप्लेक्सच्या खिडकीवरचा मुलगा अगदी नम्रपणे सांगतो, "सर, अजून दोन तिकिटं गेली तर शो लावतो." मराठी चित्रपटासाठी तिघे जण उभे आहेत आणि पाच झाल्याशिवाय पडदा उजळणार नाही. तिघेही दहा मिनिटे लिफ्टच्या दाराकडे बघत थांबतात आणि घरची वाट धरतात. नोंद होते, 'प्रेक्षकच नाहीत.'

डिजिटल तंत्राने स्वतंत्र चित्रपटकर्त्याला मोकळे केले, असे आपण गेली पंधरा-वीस वर्षे ऐकतो आहोत. ते निम्मे खरे आहे. कॅमेरा आवाक्यात आला, संकलन घरातल्या संगणकावर होऊ लागले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2014 मध्ये व्हेनिसला गाजला. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने 2025 मध्ये सनडान्सचा ग्रँड ज्युरी पुरस्कार आणला. करायचे ते आपली मुले करून दाखवत आहेत. अडते ते दाखवण्यापाशी. प्रिंट काढण्याचा खर्च संपला तिथे डिजिटल प्रक्षेपणाची 'व्हीपीएफ' नावाची फी येऊन बसली. रीळ गेले, बिल राहिले.

त्यात वाटणीचे गणित पाहा. 2009 मध्ये हिंदी निर्मात्यांनी संप केला आणि मग मल्टिप्लेक्सशी तडजोड झाली. निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, मग 42.5, मग 37.5 आणि चौथ्या आठवड्यापासून 30. पहिल्या तीन दिवसांत गल्ला भरणाऱ्या चित्रपटाला हे सोयीचे. छोट्या चित्रपटाचा प्रेक्षक मात्र 'अरे, बघून ये' असे कुणीतरी सांगितल्यावर येतो, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात. तोवर चित्रपट टिकलाच, तर वाटा घटलेला असतो. आणि सहसा तो टिकतच नाही. मग ओटीटीचे दार ठोठवावे, तर तिथला पहिला प्रश्न, 'थिएटरमध्ये किती चालला?'

पैसा आणि प्रेक्षक ही दोन वेगळी खाती मानल्याने हा घोळ झाला आहे. ती एकच असू शकतात, हे आपल्याकडे इंटरनेटच्या कितीतरी आधी सिद्ध झाले होते. श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'साठी (1976) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. चित्रपट लागला तेव्हा हे शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला आले, कारण चित्रपट त्यांचा होता. पुढे त्याच्या 16 मिमी प्रिंट गावोगाव फिरल्या. सोबत गुरांचा डॉक्टर, दुधाचा तंत्रज्ञ आणि चाऱ्याचा जाणकार. चित्रपट संपला की गावात सहकारी सोसायटीची बोलणी सुरू. याहून नेटके वितरण कुठल्या अ‍ॅपला जमले आहे? 2012 मध्ये कन्नडमध्ये पवन कुमार यांनी 'लुसिया'साठी इंटरनेटवरून शंभरावर लोकांकडून सुमारे 50 लाख रुपये उभे केले, तेही महिन्याच्या आत. पैसे देणाऱ्यांनीच पुढे चित्रपटाचा गवगवा केला.

आपले लोकवर्गणीचे प्रयोग बहुधा इथेच फसतात. देणगीदाराला श्रेयनामावलीत नाव आणि एखादे पोस्टर मिळते. त्याच्या गावात चित्रपट लागत नाही. वर्गणीची वही हीच प्रेक्षकांची यादी, असे धरून चालले पाहिजे. सांगलीतून ऐंशी जणांनी पैसे दिले असतील, तर सांगलीचा पहिला खेळ तिथेच पक्का झाला. त्यासाठी मल्टिप्लेक्सच्या दयेची गरज नाही. एखादी फिल्म सोसायटी, महाविद्यालयाचे सभागृह किंवा नगरपालिकेचे नाट्यगृह पुरे. प्रोजेक्टर आणि आवाजाची यंत्रणा तेवढी धड हवी.

राज्य सरकारनेही हात आखडता घेतलेला नाही. पण त्याचे अनुदान चित्रपटाचा दर्जा ठरवून निर्मात्याला मिळते. चित्रपट किती गावांत, किती लोकांनी पाहिला, याला त्यात मोल हवे. अनुदानाचा काही हिस्सा प्रत्यक्ष झालेल्या खेळांशी बांधावा आणि तालुक्याच्या ठिकाणची नाट्यगृहे महिन्यातून दोन संध्याकाळी चित्रपटाला द्यावीत. तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीज पाहिलेल्या महाराष्ट्राला 'कलाकृतीने गावात जायचे असते' हे नव्याने शिकवावे लागू नये.

पाचवे तिकीट कोण काढणार, हे मंगळवारी सकाळी खिडकीवर ठरत नसते. ते पहिला रुपया मागतानाच ठरवून घ्यायचे असते.