मार्कंड्याचे शिल्प वारसा, मग रॅप उथळ कसा?

१/ वैनगंगेकाठचे मार्कंडा, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. येथील मंदिरांचे छायाचित्र दिसताच इतिहासप्रेमी ‘आपला वारसा’ म्हणून मान तुकवतात. त्याच विदर्भातील तरुणाने बोलीत रॅप रचला, की त्यांचाच शेरा असतो: ‘हे परदेशी थेर, ही कविता नव्हे.’ हा शेरा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/ पहिला आक्षेप परकेपणाचा. हिप हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील ११ ऑगस्ट १९७३ च्या एका पार्टीपासून मोजतात, हे खरे. पण ठेक्यावर शब्द फेकून प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर करण्याची विद्या महाराष्ट्रात त्याआधी कित्येक पिढ्या नांदत होती.

३/ चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीची खडीगंमत आठवावी: उभ्याने सादरीकरण, ढोलकीचा ताल, शाहिराचा हजरजबाब. शाहिरी परंपरेत तुरेवाले शिवाची बाजू घेतात, कलगीवाले शक्तीची, आणि सवालाला जवाब भर फडात द्यावा लागतो. रॅपची जुगलबंदी याहून किती निराळी?

४/ दुसरा आक्षेप उथळपणाचा. लावणीच्या नादामुळे सोलापूरच्या राम जोशींना घर सोडावे लागले, असे परंपरा सांगते. आज त्यांना वगळून मराठी काव्याचा इतिहास लिहिता येत नाही. प्रत्येक रॅप श्रेष्ठ नसतो, हे मान्य. प्रत्येक लावणी तरी कुठे राम जोशींची होती?

५/ आशयही पाहावा. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाने आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ रचले. जंगल कोणाचे, हा त्यातला प्रश्न गडचिरोलीला नवा नाही. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘हंड्रेड आरबीएच’, वऱ्हाडी ठसक्यात जातीचे वास्तव मांडतो.

६/ सत्तेला शब्दाचे वजन नेमके कळते. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. २०२३ मध्ये राजकीय रॅपबद्दल राज मुंगसे या मराठी रॅपरवर गुन्हा दाखल झाला. ज्या शब्दांची पोलीस ठाण्यात नोंद होते, त्यांना वाङ्मयाच्या इतिहासात जागा का नसावी?

७/ नोंदीचा इतिहास तर लाजिरवाणा आहे. मार्कंड्याच्या मंदिरांची पाहणी १८७० च्या दशकात कनिंगहॅमने केली. विखुरलेले पोवाडे १८९१ मध्ये ग्रंथरूपाने आले, ते ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीने केलेल्या संग्रहामुळे. पंडितांना तोवर त्यांत काव्य दिसले नव्हते.

८/ मार्कंड्याच्या मुख्य मंदिराचे शिखर विजेने ढासळले, असे सांगतात. तरी शिल्पे उरली. मुखातल्या कवनाला असा आधार नसतो. कवी कोण, बोली कोणती, प्रसंग कोणता, एवढे आज टिपून ठेवणे इतिहासप्रेमींच्या हाती आहे. त्यासाठी आणखी एका ॲकवर्थची वाट पाहण्याचे कारण नाही.