मागें घर, पुढें चढ

संसार पाठीशीं बांधून फिरणें हें आपल्याकडे फिरस्त्यांच्या वांट्यास आलेलें प्राक्तन मानलें जाई. इंग्लंडांत मात्र तोच एक सुखाचा छंद होऊन बसला. सन १८८५ सालीं डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांनीं ब्रिस्टल येथील कारखान्यांतून ‘वाँडरर’ नांवाचें चाकांवरचें घर खास बांधवून घेतलें, त्यास दोन घोडे जुंपले आणि ट्वायफर्डहून निघून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेस गांठलें. पुढें १९०७ सालीं अशा हौशी मंडळींचा क्लब स्थापन झाला, आणि १९१९ च्या सुमारास मोटारीमागें जोडावयाचीं घरें कारखान्यांत तयार होऊं लागलीं. घोडे गेले, पण ओढणाऱ्यावर पडणारा भार कांहीं गेला नाहीं. फरक इतकाच कीं, घोडा दमला म्हणजे धापा टाकून सांगतो, मोटार तीच गोष्ट इंधनाच्या बिलांत सांगते.

आमच्या वाचककुटुंबांतील कितीतरी मुलें-सुना आज इंग्लंडांत व इतर परदेशांत राहतात. येथून आईवडील तिकडे गेले म्हणजे मोटारीस कॅराव्हॅन जोडून सर्वांनीं मिळून डोंगराळ मुलूख पाहावा, असा बेत पुष्कळदां ठरतो. आणि त्याबरोबर एक प्रश्नही हटकून निघतो. नव्या मोटारींत ‘ईको’, ‘नॉर्मल’, ‘स्पोर्ट’ आणि कांहींत खास ओढण्यासाठीं ‘टो’, अशा चालविण्याच्या निरनिराळ्या रीति नुसती कळ दाबून निवडतां येतात. ईको म्हणजे काटकसरीची रीति. तेव्हां कॅराव्हॅन ओढतांना तीच ठेवली तर इंधन वांचेल, नाहीं का? प्रश्न दिसावयास पैशाचा आहे. परंतु गाडींत वृद्ध आईवडील व लहान मुलें बसलेलीं असतां तो केवळ पैशाचा राहत नाहीं. म्हणून या महिन्यांत त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कळ काय करते तें पाहूं. ईको रीतींत पायाखालची पट्टी मंद होते, म्हणजे तितकाच पाय दाबला असतां इंजिन कमी उसळतें. वरचा गिअर लौकर पडतो. थंड हवेचें यंत्र हात आंखडून चालतें. आणि कांहीं मोटारींत पाय उचलतांच इंजिन व चाकें यांचा संबंध सुटून मोटार नुसती घरंगळत राहते. स्पोर्ट रीतींत बहुतेक सर्व याच्या उलट. टो रीतींत गिअर घाईनें बदलत नाहीं. चढावर खालचा गिअर धरून ठेवला जातो, आणि उतारावर इंजिनाचा रोध ब्रेकांच्या मदतीस येतो. आतां कळ काय करीत नाहीं तेंही पाहावें. ती कॅराव्हॅनचें वजन कमी करीत नाहीं, वारा अडवीत नाहीं आणि डोंगराची उंची उतरवीत नाहीं. सपाट रस्त्यावर, त्याच वेगानें, त्याच गिअरमध्यें मोटार चालली असेल, तर कळ कोणतीही असो, इंधन जवळजवळ तितकेंच जळणार.

मग एकट्या मोटारीस ईकोनें फायदा होतो तो कां? याचें उत्तर स्वयंपाकघरांत सांपडतें. पंचवीस पानांच्या स्वयंपाकाची मोठी चूल पेटवून तिच्यावर एक पेला चहा केला, तर चहा होतो, पण बहुतेक जाळ वायां जातो. रिकाम्या रस्त्यावर एकटी धांवणारी मोटार म्हणजे अशीच मोठी चूल होय. इंजिनाच्या अंगीं असलेल्या शक्तीचा लहानसा भागच वापरला जातो आणि त्या स्थितींत तें इंधनाची उधळपट्टी करतें. ईको रीति वरचा गिअर टाकून इंजिनाचे फेरे कमी करते व त्यावर भार वाढविते. म्हणजे चुलीच्या मानानें भांडें मोठें करते. परंतु कॅराव्हॅन जोडली कीं चुलीवर मोठें पातेलें आधींच चढलेलें असतें! ज्या दोषावर ईको हें औषध आहे, तो दोषच तेथें उरत नाहीं. म्हणूनच ओढतांना ईकोपासून होणारी बचत बहुधा क्षुल्लक असते.

चढावर तर हें औषध उलटण्याचा संभव असतो. ईको वरचा गिअर टाकते. भार पेलत नाहीं म्हणून मोटार मंदावते. चालक पाय दाबतो. गिअर खालीं येतो. वेग येतांच पुन्हां वरचा गिअर पडतो. अशी गिअरांची येरझार एकसारखी चालली म्हणजे तेलाच्या माध्यमांतून शक्ति पुढें देणाऱ्या स्वयंचलित गिअरपेटींत घसर वाढते, तेल तापतें, आणि तें तापविण्यास लागणारी उष्णता अर्थातच इंधनांतून येते. शिवाय पुष्कळ टर्बो पेट्रोल इंजिनें अति भाराखालीं आपला दाह शमविण्यासाठीं गरजेहून जास्त पेट्रोल ओढून घेतात. तेव्हां चढ लांब असेल तर टो रीति निवडावी. ती नसेल तर एक गिअर खालीं घेऊन तो स्थिर धरावा. इंजिनाचा आवाज चढला म्हणून जीव घाबरा होऊं देऊं नये. निश्चित गतीनें घुमणारें इंजिन हें घुसमटणाऱ्या इंजिनापेक्षां केव्हांही बरें.

खरी काटकसर कळींत नसून वेगांत आहे. कॅराव्हॅन म्हणजे सव्वादोन मीटर रुंद व अडीच मीटरांहून उंच अशी एक चालती भिंतच. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ५० मैलांऐवजीं ६० मैल गेल्यास वेग एकपंचमांशानें वाढतो, पण हवेचा विरोध ४४ टक्क्यांनीं वाढतो. ब्रिटनमध्यें कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीस मोटरवेवर ताशीं ६० मैल व साध्या दुहेरी रहदारीच्या रस्त्यावर ५० मैल अशी मर्यादा आहे. जर्मनींत सामान्यतः ताशीं ८० किलोमीटर, आणि ठराविक अटी पाळून खास परवानगी मिळविल्यास मोटार-महामार्गावर १००. ही मर्यादा म्हणजे गांठावयाचें ध्येय नव्हे. मोटरवेवर ६० च्या जागीं ५५ मैल ठेवले, तर हवेचा विरोध सुमारें १६ टक्क्यांनीं उतरतो आणि शंभर मैलांच्या वाटेंत अवघीं नऊ मिनिटें अधिक लागतात. याहून फार हळू मात्र जाऊं नये. कारण तेथील मोठे मालट्रक ५६ मैलांच्या आसपास चालतात, आणि ते एकामागून एक ओलांडून जाऊं लागले म्हणजे त्यांच्या वाऱ्यानें कॅराव्हॅन हेलकावते. समोरून ताशीं १५ मैलांचा वारा असेल तर ५५ मैलांनीं जाणाऱ्यास ७० मैलांच्या हवेशीं झुंजावें लागतें, व विरोध ६० टक्क्यांहून अधिक वाढतो. एवढा फरक कोणतीही कळ भरून काढूं शकत नाहीं.

आतां डोंगराचा हिशेब. पर्थहून इन्व्हर्नेसकडे जाणारा ए-९ रस्ता ड्रमॉक्टर येथें समुद्रसपाटीपासून सुमारें ४६० मीटर उंची गांठतो, आणि पर्थ तर समुद्रसपाटीच्या जवळच आहे. माणसांसह मोटार १,९०० किलो व भरलेली कॅराव्हॅन १,३०० किलो धरली, तर हीं ३,२०० किलो तितक्या उंचीवर नेण्यासाठीं, वारा व रस्ता यांचा खर्च वगळून, नुसत्या उचलण्यासच सुमारें सव्वा लिटर डिझेल लागतें. यांतील दर शंभर किलोंचा वाटा अवघा चार चमचे निघेल कीं काय असें वाटतें; पण तो सुमारें चाळीस मिलिलिटर, म्हणजे एका लहान वाटीइतका भरतो, आणि प्रवासांत चढ कांहीं एकच नसतो. म्हणून पाण्याची टाकी मुक्कामावर पोंचल्यावर भरावी, आणि तांदुळाचीं पोतीं व लोणच्याच्या बरण्या घरून वाहून नेण्याचा मोह आवरावा.

वर चढविलेली शक्ति उतारावर परत येते, आणि खरें संकट तेथेंच असतें. वरील उदाहरणांतील शक्ति इतकी आहे कीं, तिनें घरच्या बंबांतील चाळीस लिटरांहून अधिक थंड पाण्यास आधण येईल. तिचा बराच भाग वारा व रस्ता गिळतात हें खरें. पण जेथें उतार तीव्र आहे तेथें उरलेली सारी उष्णता ब्रेकांच्या माथीं येते, आणि अति तापलेले ब्रेक आपलें काम सोडतात. अशा वेळीं ईकोच्या घरंगळण्यावर विसंबणें म्हणजे आपण होऊन हातचा आधार टाकणें होय. गंमत अशी कीं, यांत बचतही नाहीं. मोटार गिअरमध्यें ठेवून पाय उचलला असतां आधुनिक इंजिनास इंधनाचा पुरवठा अजिबात बंद होतो. उलट संबंध सुटलेलें इंजिन चालू राहिलें तर तें स्वतःपुरतें इंधन जाळीतच असतें. अर्थात् उतारावर खालचा गिअर हाच सुरक्षित मार्ग, आणि काटकसरीचाही तोच. कांहीं रस्ते तर टाळावेतच: यॉर्कशायरमधील सटन बँकच्या चढावर कॅराव्हॅनला बंदी आहे, आणि ॲपलक्रॉसकडे जाणाऱ्या बेअलाख-ना-बा घाटाच्या पायथ्याशीं कॅराव्हॅनवाल्यांनीं पुढें जाऊं नये अशी पाटीच लावलेली आहे.

वडील मंडळींस उद्देशूनही दोन शब्द. मागें घर आहे, त्यांत बिछाना आहे, तेव्हां आजीबाईंनीं तेथेंच आडवें व्हावें, असें प्रेमानें सुचविलें जातें. तसें कदापि करूं नये. ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्यें माणसें बसविण्यास ब्रिटनमध्यें मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. नवशिक्यानें भरलेल्या कॅराव्हॅनचें वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊं देऊं नये, जड सामान खालीं व आंसाजवळ ठेवावें, असा तेथील जाणत्यांचा सल्ला आहे. कॅराव्हॅन नागमोडी डुलूं लागली तर ब्रेकवर जोरानें पाय देऊं नये. चाक सरळ धरून अॅक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा.

मग ईको निरुपयोगीच कीं काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. कॅराव्हॅन हलकी, इंजिन जोरदार आणि रस्ता सपाट असेल, तर ती खुशाल वापरावी. उतावळ्या पायास ती लगाम घालते, हा तिचा मोठाच गुण. ज्यांस प्रत्यक्ष पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं एकच रस्ता, एकच वेग व एकच वजन ठेवावें, जातां-येतां दोन्ही दिशांनीं मोजावें, आणि दर वेळीं टाकी भरून लागलेल्या इंधनाचा हिशेब वहींत मांडावा. एका दिवशीं पाठीशीं वारा होता म्हणून कळीस श्रेय देऊं नये.

आपल्या घरांतून काटकसर म्हणजे पोटास चिमटा असा अर्थ कधींच नव्हता. जेथें खर्च अवश्य तेथें तो मोकळ्या हातानें करावा आणि जेथें नासाडी तेथें हात आवरावा, हीच आपल्या वडील पिढीची रीत. चढावर इंजिनास लागेल तें द्यावें, सपाटीवर वेगाचा लोभ सोडावा, आणि उतारावर घाई करूं नये. इतकें पाळणाऱ्याच्या टाकींत चार थेंब शिल्लक राहतील, आणि मुक्कामीं सर्व मंडळी एका पंक्तीस बसतील.