ग्वाल्हेरचे तांबडे पाषाण

साठवणीच्या धान्यात सोंडे होतात, उघड्या मासळीत अळ्या पडतात. हे जीव आपोआप उपजतात, असे आपले वाडवडील मानीत. त्यांना हसण्याचे कारण नाही. युरोपातील थोर पंडितही शतकानुशतके तसेच मानीत होते. १६६८ साली इटलीतील फ्रान्सेस्को रेडी याने मांस झाकून ठेवून दाखविले की, माशी बसल्यावाचून अळी होत नाही. १७६५ साली लाझारो स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूने बंद कुप्यांत रस्सा दीर्घकाळ उकळला. त्यात सूक्ष्म जंतूही उपजले नाहीत. १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांनी या वादावर कायमचा पडदा टाकला. जीव जीवापासूनच होतो, हे सिद्ध झाले.

मग पहिला जीव कोठून आला? आणि एकदा आला, तर आज तसा पुन्हा का येत नाही?

या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा धागा ग्वाल्हेरला सापडतो. तेथील किला गेट या वस्तीतून मान वर केली म्हणजे किल्ल्याचा उंच डोंगर दिसतो. त्याचा वालुकाश्म विंध्य पर्वताच्या थरांपैकी आहे. त्याहूनही जुने खडक शहराच्या परिसरातील टेकड्यांत आहेत. भूशास्त्रात त्यांना ग्वाल्हेरचेच नाव दिलेले आहे. त्यांचे वय सुमारे २०० कोटी वर्षे. त्यांत लोहाचे व तांबड्या गारेचे पातळ पट्टे वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले आढळतात.

हे पट्टे कसे झाले, ते आपल्या अंगणातच पाहावे. काही गावी हातपंपाचे पाणी काढताना निर्मळ दिसते, परंतु घागरीत राहिले की तळाशी तांबूस गाळ बसतो. भूमीच्या पोटात प्राणवायू नसल्याने लोह पाण्यात विरघळून राहते. वारा लागताच ते गंजून खाली बसते. प्राचीन समुद्राच्या खोल पाण्यातही असेच लोह विरघळलेले होते. प्राणवायू लाभला, तेथे ते तळाशी बसले आणि त्याचा पाषाण झाला.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. जीवांच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. हवेत प्राणवायू साठू लागला तो मात्र सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे पहिला जीव प्राणवायूविरहित जगात जन्मला. रशियाचे ओपारिन यांनी १९२४ मध्ये, तर आयुष्याची अखेरची वर्षे भारतात घालविणारे हाल्डेन यांनी १९२९ मध्ये हाच विचार मांडला. १९५३ साली अमेरिकेतील स्टॅन्ली मिलर यांनी वाफ, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन यांत आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या. तेव्हा ज्यांपासून प्रथिने बनतात, ती अमिनो आम्ले तयार झाली. पुढील संशोधकांच्या मते आरंभीची हवा निराळी असावी. समुद्रतळीचे उष्ण झरे हेही जीवाचे जन्मस्थान मानले जाते. तथापि विटा मिळाल्या म्हणजे घर उभे राहिले नव्हे. निर्जीवातून सजीव अद्याप कोणीही घडविलेला नाही.

आज ते आपोआप का घडत नाही, हे मात्र कळते. जो प्राणवायू लोखंड गंजवितो व उघडे तेल खवट करतो, तो असली नाजूक द्रव्ये टिकू देत नाही. जी टिकतील, ती जंतू खाऊन टाकतात. आणि हा प्राणवायू निर्माण केला तो नील-हरित सूक्ष्म जीवांनीच. ज्या दाराने जीवन आत आले, ते त्याने स्वतःच मागे लावून घेतले. त्या बंद दारामुळेच आपण श्वास घेत आहोत.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर भूमीला आणि जलाला जीव उपजविण्याची आज्ञा करतो. ती कशी पाळली गेली, हे शोधताना स्पालान्झानी भ्याले नाहीत. आपल्या मुलाने हा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये. घागरीच्या तळाचा तांबूस गाळ त्याला दाखवावा.