एकशे दहा टक्के उताऱ्याचे गौडबंगाल

साखर कारखान्याचा उतारा ऊस उत्पादकाला तोंडपाठ असतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही असाच एक उतारा काढतात. फरक इतकाच, की साखरेचा उतारा उसाच्या वजनावर मोजतात, तर प्रयोगाचा उतारा जास्तीत जास्त जेवढा पदार्थ मिळणे शक्य होते, त्याच्याशी ताडून पाहतात.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. हे औषध तयार करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत पॅरा-नायट्रोफिनॉलचे क्षपण करून पॅरा-अमिनोफिनॉल मिळवतात व त्यापासून पुढे पॅरासिटामॉल बनते. पहिल्याचा रेणुभार १३९, दुसऱ्याचा १०९. एका रेणूपासून एकच रेणू तयार होतो. म्हणून क्षपणकारक पुरेसा असेल, तर १३.९ ग्रॅमपासून फार तर १०.९ ग्रॅम पदार्थ मिळेल. हाती ८.२ ग्रॅम आला, तर त्याला १०.९ ने भागून १०० ने गुणायचे. उतारा ७५ टक्के. थोडा पदार्थ गाळणकागदाला चिकटतो, थोडा द्रावणात राहतो. यात कमीपणा काही नाही.

काळजी करावी ती वजन १२ ग्रॅम भरल्यावर. उतारा ११० टक्के! पदार्थ हवेतून येत नाही. त्यात पाणी, क्षार किंवा न बदललेला मूळ पदार्थ शिल्लक असतो. वजन स्थिर होईपर्यंत नमुना वाळवावा, वितळणबिंदू तपासावा, हाच त्यावरचा उपाय. पण गुण उताऱ्यावर मिळत असतील, तर विद्यार्थी वहीत ‘९० टक्के’ लिहून मोकळा होतो.

ही सवय औषधनिर्मितीत गेली, तर महागात पडते. पॅरा-अमिनोफिनॉल मूत्रपिंडाला घातक आहे. म्हणूनच पॅरासिटामॉलमध्ये त्याचा अंश किती चालेल, यावर औषधसंहितेने कडक मर्यादा घातली आहे. उतारा फक्त वजन सांगतो, शुद्धता सांगत नाही. शंभराच्या आतला आकडाही अशुद्धता लपवू शकतो.

तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षेत ‘उतारा किती?’ याबरोबरच ‘पदार्थ शुद्ध कशावरून?’ हेही विचारले जावे. प्रामाणिकपणे नोंदलेल्या ६० टक्क्यांना बनावट नव्वदपेक्षा जास्त गुण मिळाले पाहिजेत. गोळी घेणारा रुग्ण ती वही पाहत नाही. तो विश्वासाने गिळतो.