तुरीचं धसकट, रन-फ्लॅट टायर आणि आपली स्टेपनी



संक्रांतीला पुण्याहून पुतण्या आला होता. त्यानं जुनी पण चांगल्या हालतीतली जर्मन गाडी घेतलीय. वस्तीवर जागा कमी, म्हणून गाडी वळवायला त्यानं तुरीच्या रानात घातली. तूर काढून आठवडा झालेला, धसकटं तशीच उभी. कोयत्यानं तिरकी तोडलेली तूर वाळली की खिळ्याला भारी पडते, हे ट्रॅक्टरवाल्यांना सांगायला नको. दोन तासांनी निघताना त्याच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, हवा कमी म्हणून. खाली उतरून बघितलं तर चारही चाकं सारखीच दिसत होती. मी म्हणालो, दिवाच खराब असंल. तो हसला. "काका, हे रन-फ्लॅट आहेत. हवा गेली तरी बसत नाहीत." डिकी उघडून दाखवली. स्टेपनी नव्हतीच, तिच्या जागेवर बॅगा.

खरं सांगतो, मला त्या गाडीचा हेवा वाटला.

रन-फ्लॅटमध्ये जादू काही नाही. साध्या टायरची बाजू पातळ असते, वजन हवा पेलते. हवा गेली की बाजू दुमडते आणि रिम रबर कापून काढते. रन-फ्लॅटची बाजू जाड, कडक रबरानं भरलेली असते, त्यामुळं हवा नसली तरी काही अंतर ती बाजूच गाडीचं वजन उचलते. कंपन्या साधारण 80 किलोमीटर, तेही ताशी 80 च्या आत, असं सांगतात. टायर बसलेला डोळ्याला दिसत नाही म्हणून हवा मोजणारा सेन्सर गाडीत लागतोच. आमच्या बाबतीत तो दिवा खरा होता आणि मी खोटा.

पुतण्या गाडी हळूहळू चालवत 22 किलोमीटरवर पंक्चरच्या दुकानात गेला. कपडे मळले नाहीत, जॅक लावावा लागला नाही. इथवर रन-फ्लॅटचा विजय. पुढची गोष्ट अशी. छिद्र बाजूला होतं, आणि बाजूच्या छिद्राला पट्टी चालत नाही, मग टायर कुठलाही असो. शिवाय हवा नसताना चाललेला रन-फ्लॅट आतून किती भाजलाय ते बाहेरून कळत नाही, म्हणून दुकानदार त्याला हात लावायला तयार नाही. जाड बाजूचा टायर रिमवरून काढायला त्याच्याकडं तसं मशीनही नव्हतं. त्या मापाचा टायर तालुक्यात नाही, नगरला नाही. पुण्याहून मागवला, तिसऱ्या दिवशी बसला. तोवर गाडी दुकानासमोर आणि पुतण्या एसटीनं कामावर.

म्हणजे 80 किलोमीटरच्या आत मदत मिळते असं धरून हा टायर बनवलाय. जर्मनीत मिळत असेल. आपल्याकडं 80 किलोमीटरच्या आत पंक्चरवाले पन्नास भेटतील, पण त्या मापाचा टायर एकाकडंही नसेल.

आता माझी लाज सांगतो, कारण स्टेपनीवाले आपण सगळे छाती फुगवून बसलोय.

वाटाण्याचा हंगाम होता, ऑगस्ट महिना. पिकअपमध्ये 30 गोण्या भरून रात्री वाशी मार्केटला निघालो. आणे घाट उतरायच्या अलीकडं मागचं डावं चाक गेलं. भुरभुर पाऊस, रात्रीचे अकरा. स्टेपनी आहे म्हणून निर्धास्त होतो. खाली वाकलो तर ती चिखलानं लिंपलेली, साखळीचा नट गंजलेला. अर्धा तास ठोकून काढली तर आत हवा नाही. दोन वर्षांत एकदाही बघितली नव्हती. आणि जॅक? तो घरी, ट्रॉलीखाली लावलेला. एका दुधाच्या गाडीत चाक टाकून आळेफाट्याला गेलो, हवा भरून आणली, दुसऱ्या पिकअपवाल्याचा जॅक घेतला. माळशेज उतरून मार्केटला पोचायला सकाळचे नऊ वाजले. पहाटे 42 रुपयांनी गेलेला वाटाणा माझा 31 नं गेला. जवळपास दोन नव्या टायरांचे पैसे एका रात्रीत गेले.

तेव्हा स्टेपनी असणं वेगळं आणि चालणारी स्टेपनी असणं वेगळं. पुतण्याच्या गाडीनं त्याला निदान दिवा लावून सांगितलं. माझ्या स्टेपनीला दिवा नव्हता.

(हा 'स्टेपनी' शब्द आपल्याला आपलाच वाटतो. पण तो ब्रिटनच्या वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. 1904 च्या सुमारास तिथल्या डेव्हीस बंधूंनी जोडचाक काढलं. आऱ्या नसलेली नुसती रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर, पंक्चर चाकाच्या बाजूला शिकंजानं आवळायचा आणि निघायचं. तिकडं लोक कधीच 'स्पेअर' म्हणायला लागले, आपण अजून त्या गल्लीचं नाव चालवतोय.)

मग शेतकऱ्यानं काय घ्यावं? मालाच्या गाडीचा प्रश्नच नाही. पिकअपला 7.00-15, ट्रॉलीला 9.00-16, या मापात रन-फ्लॅट दुकानात मागून बघा, दुकानदार तुमच्या तोंडाकडं बघेल. भरल्या मालावर पूर्ण मापाची स्टेपनीच पाहिजे. प्रश्न आहे तो घरच्या कारचा. आता पुष्कळ नव्या गाड्यांना स्टेपनी मिळत नाही. 2020 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा सेन्सर आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. कंपनीचं वजन वाचलं, खर्च वाचला. किटमधला फेस टायरच्या तळातलं खिळ्याएवढं छिद्र बुजवतो. धसकटानं बाजू फाडली तर त्या फेसाचा उपयोग शून्य. सीएनजीवाल्यांचं वेगळंच. डिकीत टाकी, म्हणून स्टेपनी काढून गोठ्यात ठेवतात. आमच्या गावात अशा चार स्टेपन्या कोंबड्यांच्या कामाला आल्यात.

माझं मत विचाराल तर वाडी-वस्तीवर राहणाऱ्यानं स्टेपनीची गाडी घ्यावी. आपले रस्ते म्हणजे वेडी बाभूळ, कुंपणाला ओढून नेलेल्या काटेरी फांद्या, मुरमातली फोडलेली खडी. इथं पंक्चरपेक्षा बाजू कापण्याचं भय जास्त, आणि मोठा काप गेला तर रन-फ्लॅटची जाड बाजूही तग धरत नाही. वर तो वजनाला जड, किमतीला जास्त आणि खड्ड्यात कमरेला कडक. छोट्या मापाची स्टेपनी आली तर चालेल, फक्त तिच्यावर बहुतेक ठिकाणी ताशी 80 ची मर्यादा लिहिलेली असते ती पाळा, आणि तिच्यावर महिनाभर फिरू नका.

पण एका गोष्टीत मी रन-फ्लॅटच्या बाजूचा आहे, आणि ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्या शिवारातला एक पोरगा, पिकअपच चालवायचा. हायवेवर रात्री उजवं मागचं चाक बदलत बसला होता. स्टेपनी चांगली, जॅक चांगला, काम येणारा पोरगा. मागून आलेल्या ट्रकला तो दिसलाच नाही. घरी बायको आणि दोन लेकरं. त्या दिवसापासून मला 'दहा मिनिटांत चाक बदलतो' ही बढाई ऐकवत नाही. रन-फ्लॅटची खरी किंमत इथं आहे. तो तुम्हाला वाहत्या रस्त्यावर उतरू देत नाही. रोज रात्री एकटी हायवेनं ये-जा करणारी लेक असेल, तिच्या गाडीला रन-फ्लॅट असतील तर मी काढून साधे घाल म्हणणार नाही. पुढं टायरला तीन दिवस लागले तर लागू द्या.

आणि साधा टायर असला तरी हेच करता येतं, आपण करत नाही एवढंच. चाक गेलं की जागेवर थांबायचं नाही. चारही इंडिकेटर लावायचे, पहिल्या गिअरमध्ये कडेच्या ढाब्यापर्यंत, पंपापर्यंत, निदान रस्त्याच्या खाली मोकळ्या जागेपर्यंत रखडत न्यायची. टायर जाईल, कदाचित रिमही जाईल. जाऊ दे. टायर वाचवायला रस्त्याच्या काठावर बसणारा माणूस मी स्वतःच होतो, आणे घाटात, पावसात, पाठ रस्त्याकडं करून.

तुरीबद्दलही दोन शब्द. तोडणी जमिनीलगत आणि आडवी करा. जिथून गाडी, ट्रॉली वळते ती पट्टी तरी त्याच दिवशी धसकटं उपटून किंवा रोटाव्हेटर मारून मोकळी करा. माझ्या मजुरांना मी हे सांगितलं नव्हतं, चूक माझी. पुतण्याच्या टायरचे निम्मे पैसे दिले, तो नको नको म्हणत होता.

आज सकाळी पिकअपची स्टेपनी खाली घेतली. नटाला ग्रीस लावलं, हवा भरल्या मालाच्या चाकाएवढी भरली, कारण गरजेला कमी करता येते, रात्री वाढवता येत नाही. जॅक आणि पाना सीटमागं बांधून टाकले. मग टायरच्या बाजूवरचा चार आकडी नंबर पुसून बघितला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. निघाला 2316, म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण बोटानं वाकवलं तर बाजूला बारीक चिरा. सोमवारी बाजारात जातोय, तेव्हा बदलून आणतो.