कांद्याची साल आणि बाईचं वजन

कांद्याच्या सालीच्या अर्काने चरबी वितळते, हे खरं का, असं हल्ली गटाच्या बैठकीत मैत्रिणी विचारतात. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सोपं नाही, म्हणून लिहिते आहे.

आपण केरात टाकतो त्या वाळक्या, तांबूस सालीत क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य आतल्या कांद्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. प्रयोगशाळेत ते पेशींवर घातलं की चरबीच्या नव्या पेशी तयार होणं मंदावतं, काही मरतातही. इथवर खरं आहे. पण पेशी कुणाच्या? असे बरेचसे प्रयोग होतात ते १९७०च्या दशकात उंदराच्या गर्भपेशींतून तयार केलेल्या वाणावर. तिथे द्रव्य थेट पेशींवर ओततात. बाईने गिळलं, की आतडी आणि यकृत त्याचं रूप बदलून टाकतात. मूळ रूपात रक्तात फार थोडं पोचतं. माणसांवरचे प्रयोग मोजके आणि लहान, वजनातला फरक किरकोळ.

आणि चरबीची पेशी मेली याचा एवढा आनंद कशाला? जादा चरबी सांभाळणं हे तिचं काम. ज्यांच्या अंगात या पेशी जन्मतः जवळजवळ नसतात, त्यांची चरबी यकृतात आणि स्नायूंत साचते आणि बारीक असूनही त्यांना मधुमेह होतो. पाळी गेल्यावर आपल्या शरीरातलं इस्ट्रोजेन बरंचसं चरबीतच तयार होतं. पण आपल्याला शिकवलंय, चरबी म्हणजे लाज.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. वजन जास्त असलेल्या २४ टक्के, आणि गरजेपेक्षा कमी असलेल्या जवळपास १९. बाजाराला यातल्या फक्त मधल्याच दिसतात!

‘वनस्पतीचं आहे, अपाय नाही’ हेही खरं मानू नका. हिरवा चहा पिणं वेगळं, त्याचा अर्क गोळ्यांतून घेणं वेगळं. अर्कातलं ईजीसीजी हे द्रव्य रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृतावर ताण दिसतो, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला.

साल वाया जाऊ नये, हे मलाही पटतं. तिचा रंग सुंदर उतरतो. उद्या तिला भाव आलाच, तर दिवसभर धुळीत कांदा निवडणाऱ्या बायकांच्या रोजात किती पडेल, हेही विचारू या. तोवर कुणी पाकीट घेऊन दारात आलं, तर एवढं विचारा: किती बायकांवर तपासलं, किती दिवस, आणि अंगावर पाजणारीने घ्यावं का?